पेशी दुभंगताना गॉल्जी जातो कुठे?

तलावपाळी
सोमवार, रात्री १०.५२

लेक अकरावीत आहे, नीटचा क्लास लावलाय. मी कॉमर्सवाली, ऐरोलीला एका ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला. काल रात्री पोळ्या करत होते तर ही पुस्तक घेऊन ओट्याशी येऊन उभी. एनसीईआरटीच्या पेशीविभाजनाच्या धड्यात लिहिलंय की पूर्वावस्था (विभाजनाची पहिली पायरी) संपत आली की सूक्ष्मदर्शकाखाली पेशीतले गॉल्जी, आंतर्द्रव्यजालिका, केंद्रकी हे भाग आणि केंद्रकाचं आवरण दिसत नाहीत. पुढे अंत्यावस्थेत, म्हणजे शेवटच्या पायरीत, म्हणे हे सगळं पुन्हा तयार होतं.

तिचं म्हणणं, "दिसत नाहीत म्हणजे काय? विरघळतात? लपतात? आणि परत येतात ते कुठून?"

क्लासात विचारलं तर उत्तर मिळालं की एवढं पाठ कर, पर्याय ओळखायला पुरतं. मला काही ते पटलं नाही, तिला तर नाहीच नाही. त्यातल्या त्यात गॉल्जीबद्दल कोणी नीट सांगेल का? कॉमर्सच्या माणसाला कळेल असं.

गुरुजी_नौपाडा
सोमवार, रात्री ११.२०

ताई, प्रश्न आवडला. पण आधी नावाचं. इटालियनमध्ये तिथे 'ज' म्हणतात, म्हणून माणसाचं नाव कामिल्लो गॉल्जी. आपल्याकडे गॉल्गी रूढ आहे आणि मीही वर्गात जन्मभर गॉल्गीच शिकवत आलो, निवृत्तीनंतर कुणीतरी सुधारलं. तुमच्या पिढीने गॉल्जी म्हणावं, माझी जीभ आता वळायची नाही.

या गृहस्थांनी १८७३ साली चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्याभोर रंगवायची युक्ती शोधली, आणि तीही एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत. पुढे १८९८ मध्ये गव्हाणी घुबडाच्या मेंदूतल्या पेशींमध्ये त्यांना केंद्रकाभोवती एक जाळी दिसली. तोच हा गॉल्गी. गंमत अशी की पुढची पन्नासेक वर्षं बऱ्याच शास्त्रज्ञांना हे खरंच वाटत नव्हतं. चांदीचा डाग पडतो आणि तुम्ही त्याला अवयव म्हणता, असा आरोप. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून तो दिसला तेव्हा कुठे वाद मिटला. गॉल्गींना नोबेल १९०६ मध्येच मिळालं होतं, पण ते चेतासंस्थेच्या कामाबद्दल, काहालबरोबर वाटून. दोघांचं आपसात पटत नव्हतं ते वेगळंच.

शाळेपुरतं सांगायचं तर: चपट्या पोकळ कोशांची चळत. त्या कोशांना पुस्तकात कुंडं म्हणतात. आंतर्द्रव्यजालिकेतून, म्हणजे पेशीतल्या जाळीतून, प्रथिनं येतात, इथे त्यांच्यावर शेवटचा हात फिरतो, पत्ता लागतो आणि माल रवाना होतो. विभाजनात त्याचं काय होतं ते मात्र मला 'दिसत नाही' यापलीकडे सांगता येणार नाही. जाणकारांची वाट पाहू.

खोचक_काका
सोमवार, रात्री ११.४१

यात काय अवघड आहे? पुनर्विकास! आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीचं तेच झालंय. जुनी बिल्डिंग पाडली, सगळे भाड्याने पांगले, आता म्हणे नव्या दोन विंग उभ्या राहणार. पेशीचा बिल्डर निदान वेळेत ताबा देतो, एवढाच फरक.

उत्सवचौक
मंगळवार, सकाळी ८.०५

काका, हसले. पण उपमा नेमकी उलटी आहे, ते पुढे येईलच.

मी खारघरला एका लॅबमध्ये काही वर्षं पेशींचे फोटो काढण्यातच घालवली, म्हणून थोडं लिहिते. तलावपाळी, तुम्ही पोळ्या करत होतात ना, मग तिथूनच सुरुवात करू. पोळ्यांची एक चळत म्हणजे गॉल्जीचा एक संच. आपल्या म्हणजे सस्तन प्राण्यांच्या पेशीत अशा कितीतरी चळती एकमेकींना कडेने जोडलेल्या असतात आणि सगळी मिळून एक लांब पट्टी होते. ही पट्टी केंद्रकाला चिकटून, तारककेंद्राच्या आसपास बसलेली असते.

आम्ही पट्टीवरच्या एका प्रथिनाला हिरवा चमकणारा रंग लावायचो आणि डीएनएला निळा. अंधारी खोली, एसी एवढा की भर मे महिन्यात शाल. पडद्यावर दिसायचं ते असं: मधे निळा गोल, त्याच्या एका अंगाला हिरवी वळवळीत पट्टी, गजरा सोडून उशाशी ठेवावा तशी. एका काचेवर अशा शेकडो पेशी. आणि मधेच एखादी पेशी गोल गरगरीत झालेली, निळं रंगसूत्र मधोमध आडव्या रेषेत, आणि गजरा गायब. त्याच्या जागी सगळीकडे पसरलेलं हिरवं धुकं आणि त्यात रव्याएवढे ठिपके.

तर मुलीला सांगा की 'दिसत नाही' हे साध्या सूक्ष्मदर्शकाचं म्हणणं. तो असतो, फक्त त्याचा आकार मोडलेला असतो. हे तीन पायऱ्यांत होतं. विभाजन सुरू व्हायच्या आधीच, जी-टू टप्प्यात, पट्टीचे सांधे सुटतात आणि चळती एकमेकींपासून वेगळ्या होतात. पूर्वावस्थेत चळत सुटी होते, म्हणजे पोळ्या एकमेकींपासून विलग होतात. आणि मग त्या कुंडांच्या बारीक बारीक पीटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, होतात, एका मिलिमीटरच्या साधारण पंधरा हजाराव्या भागाएवढ्या. अशा हजारो.

आता ऑफिसला निघते. हे 'कसं' होतं ते संध्याकाळी. खरी मजा तिथेच आहे.

पंचगंगा_बीएस्सी
मंगळवार, दुपारी १.१५

आमच्या टीवायच्या पुस्तकात यावर तीन ओळी आहेत. संध्याकाळची वाट बघतोय ताई.

उत्सवचौक
मंगळवार, रात्री ९.३०

आले.

साधा विचार केला तर वाटेल की मोडायचं म्हणजे कापणारं काहीतरी लागणार, काकांच्या बिल्डिंगीला लागला असेल तसा जेसीबी. १९८५ मध्ये ग्रॅहॅम वॉरन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने वेगळाच विचार मांडला. तो समजायला तलावपाळींच्या कामाचा शब्द वापरते: आवक-जावक.

वाशीच्या मार्केटमधल्या गोदामाचा विचार करा. रोज गाड्या येतात, रोज गाड्या जातात. गोदाम कायम भरलेलं दिसतं, पण आत कालची गोणी आज नसते. गॉल्जीही तसाच. कुंडाच्या कडेवरून सतत पीटिका सुटत असतात, आणि दुसऱ्या पीटिका येऊन कुंडात विलीन होत असतात. दोन्ही सारख्या वेगाने चालतं म्हणून गॉल्जीचा आकार टिकतो. आता समजा एके दिवशी आवक बंद झाली आणि जावक तशीच सुरू राहिली तर?

तलावपाळी
मंगळवार, रात्री ९.४४

तर काही तासांत गोदाम रिकामं! म्हणजे कोणी तोडलंच नाही. माल नेहमीसारखाच बाहेर पडत राहिला, आत यायचा थांबला.

उत्सवचौक
मंगळवार, रात्री १०.१०

झालं, तुम्ही पेपर सोडवलात.

फक्त इथे गोणी म्हणजे कुंडाच्या भिंतीचाच तुकडा. प्रत्येक पीटिका जाताना थोडी भिंत घेऊन जाते, म्हणून आवक थांबली की गोदामाच्या भिंतीच संपतात.

आवक थांबते कशी? कुंडाच्या भिंतीवर जीएम१३० नावाचं प्रथिन असतं, ती खुंटी समजा. पी११५ नावाचं लांबट प्रथिन म्हणजे दोर. येणारी पीटिका या दोराने खुंटीला अडकते, जवळ ओढली जाते आणि मग विलीन होते. विभाजनाची वेळ झाली की सीडीके१ हे विकर कामाला लागतं. पेशीचक्रातला मुकादमच तो. तो खुंटीच्या एका ठरावीक जागी, सेरीन-२५ वर, एक फॉस्फेट चिकटवतो. बस्स. दोर आता खुंटीला धरत नाही. १९९८ मध्ये वॉरनच्याच गटाने हे दाखवलं, आपल्या कल्पनेनंतर तेरा वर्षांनी.

आणि पोळ्या एकमेकींना धरून असतात त्या ग्रास्प६५, ग्रास्प५५ अशा प्रथिनांमुळे. एका कुंडावरचं रेणू शेजारच्या कुंडावरच्या रेणूचा हात धरतं. त्यांच्यावरही सीडीके१ आणि पीएलके१ हे दुसरं विकर फॉस्फेट लावतात आणि हात सुटतात. चळत मोकळी झाली की कडा उघड्या पडतात आणि पीटिका आणखी भराभर सुटतात.

काका, म्हणून म्हटलं उपमा उलटी. इथे एकही वीट फुटत नाही. गणपतीच्या मांडवासारखं आहे. नट ढिले केले, पाइप वेगळे झाले, पुढच्या वर्षी तेच पाइप.

खोचक_काका
मंगळवार, रात्री १०.३१

मांडव मान्य. पण मग एवढा उपद्व्याप कशाला? पट्टी आहे, मधून कापा, अर्धी तुला अर्धी मला. हजार तुकडे करायची हौस का?

पंचगंगा_बीएस्सी
मंगळवार, रात्री ११.१२

काका, वाटणीचं गणित आहे ना. घर एकच असेल तर दोन भावांत वाटता येत नाही, विकून पैसे केले की पै-पैचा हिशेब लागतो.

मी आत्ता कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. समजा मुद्दाम वाटणारं कोणी नाही, प्रत्येक तुकडा नाणेफेक करून इकडे किंवा तिकडे जातो. तुकडे दहाच असतील तर दोघींपैकी कुठल्यातरी एका पेशीच्या वाट्याला दोन किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता ११ टक्के. म्हणजे दर नऊ विभाजनांत एकदा एक लेक (नव्या दोन पेशींपैकी एक) उपाशी. तुकडे दहा हजार असतील तर बहुतेक वेळा ४९०० ते ५१०० च्या आतच वाटणी. काही न करता न्याय!

येऊरचा_वाटसरू
बुधवार, सकाळी ६.५०

गणित सुरेख, पण वनस्पती तुमच्या मांडवाला भीक घालत नाहीत.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. वनस्पतीच्या पेशीत गॉल्जीची पट्टी नसतेच. सुट्या चळती असतात, कित्येक पेशींत शेकड्यांनी, आणि त्या पेशीभर फिरत असतात. विभाजनाच्या वेळी त्या मोडत नाहीत. चळती शाबूत राहतात आणि दोन्हीकडे वाटल्या जातात.

याचं कारण मला फार देखणं वाटतं. प्राण्याची पेशी मधे आवळली जाते, नाडी ओढल्यासारखी, आणि दोन होतात. त्या तासाभरात प्राणिपेशीचा माल बाहेर पाठवायचा व्यवहार जवळजवळ ठप्प असतो, त्याने तिचं काही अडत नाही. वनस्पतीला भोवती कडक भित्तिका आहे, ती आवळायची कशी? तिला मधोमध नवी भिंत घालावी लागते. त्या भिंतीचा माल कोण पुरवतं? गॉल्जीच. ऐन विभाजनात पीटिकांमागून पीटिका मधल्या रेषेवर येऊन एकमेकींत मिसळतात आणि भिंत मधून कडेकडे वाढत जाते. घराचं काम चालू असताना सिमेंटचं दुकान बंद ठेवून कसं चालेल?

आता विद्यार्थ्यांची थट्टा बघा. विभाजन शिकवायला आपण सगळीकडे वापरतो कांद्याच्या मुळाचं टोक. पोरं अॅसिटोकार्मिनने लाल झालेली रंगसूत्रं बघतात आणि जर्नलात लिहितात 'गॉल्जी नाहीसा होतो'. ज्या पेशीकडे बघून हे लिहितात तिच्यात तो चांगला ठणठणीत असतो! दिसत नाही कारण तो रंग त्याला लागतच नाही.

गुरुजी_नौपाडा
बुधवार, सकाळी ७.३०

अरेरे. मी स्वतः असे किती जर्नल तपासून सही केली असेल.

खोचक_काका
बुधवार, सकाळी ७.४२

गुरुजी, आता सगळ्यांना बोलावून मार्क परत घ्या.

उत्सवचौक
बुधवार, रात्री ८.५५

येऊरचा_वाटसरू, हे फार बरं झालं लिहिलंत. पंचगंगाच्या गणिताला त्याने धक्का बसत नाही, उलट ते पक्कं होतं. ज्याच्याकडे आधीच शेकडो सुटे संच आहेत त्याला मोडायची गरज नाही. अडचण आपल्यासारख्यांची, ज्यांनी सगळं एकाच पट्टीत ओवून ठेवलंय.

आता तलावपाळींच्या लेकीचा पहिला प्रश्न, 'विरघळतात?' यावर शास्त्रज्ञांत खरोखर भांडण झालं होतं, साधं नाही. हिरवं धुकं मी म्हटलं ना, ते धुकं नेमकं काय? वॉरनचा गट म्हणे, सुट्या पीटिका. अमेरिकेतल्या जेनिफर लिपिंकॉट-श्वार्ट्झ यांच्या गटाने १९९९ मध्ये मांडलं की नाही, गॉल्जी आंतर्द्रव्यजालिकेतच मिसळून जातो आणि विभाजन संपल्यावर तिच्यातूनच नव्याने उगवतो. म्हणजे नदीला मिळालेला ओढा. फोटो पाहून दोन्ही बाजू आपलंच खरं म्हणायच्या, कारण प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एवढ्या बारीक पीटिका आणि जालिकेची जाळी यांतला फरक दिसत नाही.

२००४ मध्ये विवेक मल्होत्रांच्या लॅबने एक युक्ती केली. गॉल्जीच्या एका प्रथिनाला कडी लावली, जालिकेच्या प्रथिनाला कोयंडा. रॅपामायसिन हे औषध घातलं की कडी-कोयंडा घट्ट बसतो, पण दोघं एकाच खोलीत असतील तरच. ब्रेफेल्डिन हे दुसरं औषध देऊन मुद्दाम गॉल्जी जालिकेत मिसळवला तेव्हा कडी लागली आणि ब्रेफेल्डिन काढल्यावरही प्रथिन अडकून राहिलं. म्हणजे कुलूप काम करतंय. मग पेशींना नेहमीसारखं विभागू दिलं. कडी लागली नाही. गॉल्जी दोन्ही लेकींमध्ये छान परत उभा. म्हणजे विभाजनात तो जालिकेत शिरत नाही, निदान मोठ्या प्रमाणावर तरी नाही. मला हा प्रयोग इतका आवडतो की लॅबमधल्या प्रत्येक नव्या मुलाला मी तो चहाच्या टपरीवर सांगायचे, किल्लीच्या जुडग्यासकट.

जाता जाता, आंतर्द्रव्यजालिकाही 'नाहीशी' होत नाही हो. ती जाळीच राहते, फक्त कडेला सरकते. केंद्रकाचं आवरण तिच्यातच सामावतं. पुस्तकातलं ते एक वाक्य चार वेगळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधतं.

डॉ_वाशीकर
बुधवार, रात्री १०.२०

मी पॅथॉलॉजिस्ट. रोज स्लाइडवर विभाजनातल्या पेशी मोजणं हा पोटापाण्याचा भाग, त्यामुळे धागा वाचत होतो.

गुरुजी, साध्या रंगाने गॉल्जी दिसतच नाही असं नाही, एक अपवाद आहे. अस्थिमज्जेच्या स्लाइडवर प्लाझ्मा पेशी बघा. प्रतिपिंडं बनवून बाहेर फेकणं हेच त्यांचं काम, म्हणून गॉल्जी दांडगा. सगळी पेशी निळी-जांभळी रंगते आणि केंद्रकाशेजारी एक फिकट चंद्रकोर राहते. ती रिकामी जागा नाही, तोच गॉल्जी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दाखवलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसरं, काकांची जेसीबीची उपमा वाया घालवू नका. पेशी स्वतःला मारते तेव्हा गॉल्जीचे तुकडे होतात ते खऱ्या पाडकामाने. कॅस्पेज नावाची विकरं ग्रास्प६५ आणि पी११५ यांसारखी प्रथिनं सरळ कापतात. कापलेलं जोडता येत नाही. विभाजनात लावतात ते फॉस्फेट, आणि फॉस्फेट काढता येतं. तीच प्रथिनं, एकीकडे कात्री आणि दुसरीकडे चिमटा. नुसता फोटो पाहिला तर दोन्हीकडे तुकडेच दिसतील.

तलावपाळी
बुधवार, रात्री ११.००

लेक शेजारी बसून वाचतेय. झोप म्हटलं तर ऐकत नाही. तिचे दोन प्रश्न. एक, मोडू दिलंच नाही तर पेशी काय करेल? दोन, परत जोडताना काय होतं, सगळं आपोआप?

उत्सवचौक
गुरुवार, रात्री ९.१५

पहिल्याचं उत्तर: अडून बसेल. मल्होत्रांच्याच गटाचं २००२ चं काम आहे. ग्रास्प६५ ला बांधणारी प्रतिपिंडं पेशीत टोचली. पेशींनी डीएनए दुप्पट केला, सगळी तयारी केली, पण विभाजनाच्या उंबरठ्यावरच थांबल्या. मग त्यांनी औषधाने आधीच गॉल्जी विस्कटला आणि तीच प्रतिपिंडं टोचली. आता पेशी आत शिरल्या. म्हणजे प्रतिपिंड विषारी नव्हतं, पट्टी अखंड असणं हाच अडथळा होता. आधी सामान बांधा, मग गाडी हलेल, असा नियमच आहे म्हणा ना. डीएनएची तपासणी आपण शाळेत शिकतो, गॉल्जीचीही तपासणी होते हे मला पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात कळलं.

आणि सुटी झालेली खुंटी रिकामी बसत नाही. पी११५ चा दोर सुटला की जीएम१३० तिथे इम्पोर्टिन-अल्फा नावाच्या प्रथिनाला पकडतं. इम्पोर्टिनने टीपीएक्स२ या आणखी एका प्रथिनाला डांबून ठेवलेलं असतं, ते सुटतं आणि तिथे सूक्ष्मनलिका उगवायला लागतात. त्याच नलिका पुढे तर्कूत सामील होतात, म्हणजे रंगसूत्रं ओढणाऱ्या चरख्यात. २०१५ मधलं काम आहे हे. मोडलेला गॉल्जी नुसता पडून राहत नाही, जो आपल्याला वाटून देणार त्याचा दोर वळायला हातभार लावतो!

दुसऱ्याचं उत्तर. रंगसूत्रं वेगळी झाली की मुकादमाचा सायक्लिन हा जोडीदार नष्ट केला जातो आणि सीडीके१ गप्प होतं. पीपी२ए हे विकर फॉस्फेटं उतरवत जातं. खुंटीला दोर पुन्हा धरू लागतो, ग्रास्प पुन्हा हात धरतात. पीटिका एकमेकींत मिसळवायला दोन वेगळी यंत्रं लागतात, एनएसएफ आणि पी९७. आवक पुन्हा सुरू. कुंडं तयार होतात, चळत लागते आणि शेवटी सांधे जुळून पट्टी.

यात 'आपोआप' किती? १९९० च्या दशकात वॉरनच्या गटाने उंदराच्या यकृतातून गॉल्जी काढला, नळीत घेतला, विभाजन चालू असलेल्या पेशींचा रस घातला. चळतींच्या पीटिका झाल्या. तो रस काढून नेहमीच्या पेशींचा घातला. चळती परत! ना केंद्रक, ना पेशी. नळीत.

पण एक गोष्ट नळीत होत नाही, पट्टी. २००९ मध्ये वे आणि झेमान यांनी पेशी अशा विभागायला लावल्या की तर्कूची दोन्ही टोकं एकाच लेकीला मिळाली. जिला तर्कू नाही तिनेही चळती लावल्या, त्या कामही करत होत्या. पट्टी मात्र तिला जमली नाही. म्हणजे पोळ्यांची चळत लावायचं ज्ञान पीटिकांजवळच आहे, चळती ओवायचा दोरा मात्र तर्कूबरोबर जातो. पंचगंगा, तुझ्या नाणेफेकीत इथे थोडी गडबड आहे बघ. सगळंच नशिबावर सोडलेलं नाही.

पंचगंगा_बीएस्सी
गुरुवार, रात्री ९.५०

मान्य. नाणेफेक चळतींपुरती, पट्टीचा वारसा ठरवून दिलेला. उद्या आमच्या बाईंना विचारणार, बघू काय म्हणतात.

खोचक_काका
गुरुवार, रात्री १०.०५

म्हणजे फर्निचर सारखं वाटलं आणि घराचे कागद एकाच्याच नावावर. ठाण्यात हे रोज बघतो.

तलावपाळी
शुक्रवार, रात्री ८.४०

सगळ्यांचे आभार मानायचे तर राहूनच गेलं. लेकीने वहीत 'दिसत नाहीत' खोडून त्याच्या वर बारीक अक्षरात 'आवक बंद, जावक चालू' लिहिलंय. म्हटलं परीक्षेत पर्याय मात्र पुस्तकातलाच निवड बाई.

येऊरचा_वाटसरू, तुमच्यामुळे माझा एक कांदा गेला. खिडकीत काचेच्या पेल्यावर ठेवलाय, बुडखा पाण्याला टेकवून. तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये शिक्षिका म्हणाल्या मुळं आण, रंगवून बघू. केव्हा कापायची?

येऊरचा_वाटसरू
शुक्रवार, रात्री ९.१०

दोन-तीन दिवसांत मुळं फुटतील. एक-दोन सेंटिमीटर झाली की सकाळी आठ-नऊच्या सुमाराला टोकाकडचा अर्धा सेंटिमीटर कापा आणि लगेच अल्कोहोल-अॅसिटिक आम्लाच्या मिश्रणात टाका. नुसत्या पाण्यातून कॉलेजपर्यंत नेऊ नका. मिश्रण शिक्षिकेकडून आदल्या दिवशी घेऊन ठेवा. पेल्यातलं पाणी रोज बदला, नाहीतर स्वयंपाकघरात वासाने उभं राहवणार नाही.

गुरुजी_नौपाडा
शुक्रवार, रात्री ९.२५

आणि ताई, काचेवर मूळ ठेवून वरून दाबताना अंगठा सरळ खाली दाबायला सांगा, घासायचा नाही. पेशी गुंडाळल्या की काही दिसत नाही. हे तरी मी बरोबर शिकवलंय.